मांडवीतली तासाभराची बोट: नेमकं काय बघायचं, कुठे बसायचं?

रायबंदरकर

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पुण्या-मुंबईचे, बेळगाव-कोल्हापूरचे पाहुणे यायला लागतात. ‘मांडवीत बोटीतून फिरायचंय’ ही त्यांची फर्माईश ठरलेली. मग आपण त्यांना पणजीतल्या सांता मोनिकाच्या धक्क्यावर सोडतो, तिकिटं काढून देतो आणि तासाने न्यायला जातो. पाहुणे खूष असतात. पण काय काय पाहिलंत विचारलं तर गाणी आणि सूर्यास्त, यापलीकडे कुणी काही सांगत नाही. मला याची फार हळहळ वाटते. त्या तासाभरात दोन्ही काठांवरून पाचशे वर्षांचा गोवा सरकत जातो आणि कुणी त्याच्याकडे बघायला सांगतच नाही. म्हणून हा धागा.

आधी बसण्याची जागा. संध्याकाळच्या बोटी पुलाजवळून निघून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने जातात. म्हणजे जाताना पणजी डाव्या हाताला आणि बेती, वेरें, रेईश मागूश उजव्या हाताला. जाताना वरच्या डेकवर डावा कठडा धरा आणि बोट वळली की लगेच बाजू बदला, म्हणजे परतीच्या वाटेवर पुन्हा शहरच समोर राहतं. उतरत्या उन्हात पणजीच्या भिंती पिवळ्याधमक दिसतात, ते बघायचं असेल तर परतताना शहराची बाजू सोडू नका.

निघाल्यावर थोड्याच वेळात डावीकडे लांबलचक पांढरी इमारत येते, ते जुनं सचिवालय. मूळचा आदिलशहाचा वाडा. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यावर तो त्यांच्याकडे गेला. पुढे जुन्या गोव्यातली रोगराई वाढली आणि 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला, तो याच वाड्यात. पणजीला राजधानीचा दर्जा कागदोपत्री 1843 मध्ये मिळाला. मुक्तीनंतर विधानसभाही इथेच भरायची, 2000 साली ती पर्वरीला गेली. एवढी सत्तांतरं पाहिलेली दुसरी इमारत या काठावर नाही. शेजारीच, झोपलेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा आबे फारियांचा. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. लांबून पुतळा लहान दिसतो, पण हातांचा तो आवेश पाण्यावरूनही ओळखू येतो.

पुढे बंदर कप्तानाची कचेरी, बेतीच्या फेरीबोटीचा धक्का, 1842 च्या वैद्यक शाळेची जुनी इमारत, कांपालची झाडं, कला अकादमी आणि शेवटी मिरामार. उजवीकडे बघितलंत तर नदी जिथे अरुंद होते तिथेच टेकडीच्या पोटाला रेईश मागूशचा किल्ला चिकटलेला दिसतो. तो 1551 चा. त्याच्यापुढे, मुखाशी, 1612 चा आग्वाद आणि समोरच्या टोकावर काबो, जिथे आज राज्यपालांचं निवासस्थान आहे. आत येणारं प्रत्येक गलबत या तिघांच्या तोफांखालून यायचं. हा तिढा रस्त्यावरून कितीही फिरलात तरी कळत नाही, पाण्यातूनच उमगतो. बहुतेक बोटी थेट मुखापर्यंत न जाता आधीच वळतात, तेव्हा दुर्बीण असेल तर जरूर न्या.

आणखी एक. रस्त्याने पणजीत आलात की आपण शहराच्या मागच्या दारातून आत शिरतो असं मला नेहमी वाटतं. पुढचं दार नदीवर आहे. पाहुण्यांना तिथूनच आणा.

अनघा_फोंडा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. एक शंका: सासूबाईंचे गुडघे दुखतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. बोटीत चढता-उतरताना त्रास होईल का? आणि वरच्या डेकचे जिने कसे असतात?

रायबंदरकर

अनघाताई, धक्क्यावरून बोटीत जाताना फळी टाकलेली असते, हात द्यायला माणूसही असतो. भरती-ओहोटीप्रमाणे फळीचा उतार बदलतो. पाणी अगदी खाली गेलेलं असेल तर उतार जास्त, म्हणून शक्यतो भरतीच्या आसपासची फेरी घ्या. वरचा जिना मात्र उभा असतो. सासूबाईंना खालच्या डेकवर खिडकीशी बसवा, तिथून काठ जास्त जवळचा वाटतो. आणि गर्दी उतरेपर्यंत बसूनच राहा, घाई करू नका.

सांतिनेजचा_मुलगा

सगळं पटलं, पण एका बाबतीत मत वेगळं आहे. बोटीवर ‘देखणी’ नावाचा नाच, फुगडी, कुणबी नाच करणारी जी मंडळी असतात त्यातले बरेच जण आपल्याच गावांतले असतात. कॉलेज करून संध्याकाळी नाचायला येणाऱ्या मुली मी ओळखतो. त्यांच्या घरात त्या पैशाने फरक पडतो. लहान मुलांना तासभर इमारती दाखवल्यात तर ती कंटाळतात, नाच सुरू झाला की खुलतात. दोन्ही चालू द्या ना.

रायबंदरकर

नाचाबद्दल माझी तक्रारच नाही. देखणी नाच बघायला मलाही आवडतो, आणि तुमचं म्हणणं खरं आहे की ते त्या मुलींचं कष्टाचं काम आहे. तक्रार आहे ती स्पीकरची. शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही इतका आवाज कशासाठी? आवाज निम्मा केला आणि मधे पाच मिनिटं ‘हे डावीकडे काय दिसतंय’ एवढं मराठी, कोकणी, हिंदीत कुणी सांगितलं तर त्याच तिकिटात प्रवाशाला दुप्पट मिळेल. नाच थांबवायची गरजच नाही.

जुना_प्रवासी

या धाग्याने मला पन्नास वर्षे मागे नेले. आमच्या तरुणपणी मुंबईहून गोव्याला यायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. कोकणसेवक, कोकणशक्ती ही नावे आजही उच्चारली की डिझेलचा वास येतो. सकाळी निघायचे, वाटेत बंदरे घेत घेत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. डेकवर पथारी पसरायची, शिदोरी सोडायची, शेजारच्या अनोळखी कुटुंबाशी रात्रीपर्यंत नाते जमायचे. पहाटे कुणीतरी ‘आग्वाद आला’ म्हणून हाक मारी आणि सगळे एका कठड्याला धावत. बोट मांडवीत शिरली की इंजिनाचा आवाज एकदम बदले, लाटांचा झोका थांबे आणि दोन्ही बाजूंना हिरवे काठ. उतरणाऱ्यांत नुसते पर्यटक नसत. गणपतीला गावी जाता येत नसे, कारण पावसाळ्यात बोटी बंद. पण मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, देवीच्या जत्रेला निघालेल्या माहेरवाशिणी, सगळे एकाच डेकवर.

रायबंदरकर म्हणतात ते पुढचे दार आम्ही वापरलेले आहे. आता ती सेवा राहिली नाही. आग्वादचा 1864 चा जुना दीपस्तंभही केव्हाच निवृत्त झाला, 1976 पासून शेजारचा नवा काम करतो. नातवंडांना तासाभराच्या बोटीत बसवतो तेव्हा मी त्यांना हेच सांगतो, की आजोबा याच पाण्यावरून आले.

वेरेंकर_विनायक

काका, सुंदर लिहिलंत. पाण्याची आणखी एक आठवण आमच्या काठाची. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला. भर पावसाळा. त्यानंतर किती तरी काळ आमच्या बार्देस तालुक्यातली माणसं पणजीला यायची ती बेतीच्या फेरीनेच. शाळेची मुलं, सरकारी नोकर, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, आजारी माणसं, सगळ्यांची रांग धक्क्यापासून रस्त्यापर्यंत. माझी आई त्या रांगेत रोज उभी असायची. आज वरून अटल सेतूवरून गाड्या सुसाट जातात, 2019 पासून तर तो तिसरा पूल झाला, पण खाली फेरी अजून चालू आहे आणि बेतीच्या माणसाला तिची सवय सुटलेली नाही.

बेतीचं नाव आलंच आहे तर पाहुण्यांना एवढं नक्की सांगा. ऑक्टोबर 1955 मध्ये इथल्या पोलीस चौकीवर स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला केला, त्यात मोहन रानडे गोळी लागून पकडले गेले. सांगलीकडचा हा शिक्षक सावईवेरेंला मुलांना शिकवायच्या निमित्ताने गोव्यात आला होता. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. गोवा 1961 ला मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते, सुटले 1969 मध्ये. आपलं राज्य येऊन सात वर्षं झाली तरी ज्याने त्यासाठी गोळी खाल्ली तो परदेशी कोठडीत, हे मला आजही सहन होत नाही. बोट बेतीसमोरून जाते तेव्हा निदान एकदा त्यांचं नाव घ्या. आग्वादच्या तुरुंगाचंही तसंच, 1946 मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना तिथेच डांबलं होतं. आता तिथे संग्रहालय झालं आहे, जाऊन या.

किल्लेभटक्या_डिचोली

पश्चिमेचं सगळं आलं, पण मराठी माणसाने मांडवीत पूर्वेला जायला हवं! जुन्या गोव्याच्या वरच्या अंगाला जुवें बेट आहे, पोर्तुगीज त्याला सांतो इस्तेव्हाव म्हणत. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री ओहोटी लागल्यावर संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्या बेटावरचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांची तेव्हाची राजधानी, जुनं गोवें, तिथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फौज घेऊन आला आणि जखमी होऊन मागे फिरला. भरतीचं पाणी आणि फोडलेले बांध यांमुळे पाठलाग अडला, खाडीत महाराजांचा घोडा वाहत जाऊ लागला तेव्हा खंडो बल्लाळांनी उडी घेतली, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. व्हाइसरॉयने मग जुन्या गोव्यात जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी धावा केला. मोगलांची फौज मागून उतरली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या पाण्याकडे बघत प्रत्येक वेळी करतो.

नकाशात हे सगळं सपाट दिसतं. बोटीतून बघितलं की कळतं, भरती-ओहोटीच्या सहा तासांवर लढाईचा निकाल कसा फिरत असेल. 1739 चंही तेच. मराठ्यांनी अख्खं बार्देस घेतलं, पण आग्वाद आणि रेईश मागूश पडले नाहीत, आणि ते पडले नाहीत म्हणून नदीचं तोंड पोर्तुगीजांकडेच राहिलं.

दिवाडीची_सून

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. तुम्ही सगळे तिकिटाच्या बोटींबद्दल लिहिताय. जुने गोवे ते दिवाडी फेरीबोट विसरलात का? साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नसतं. ज्याला खरोखर शहर पाण्यातून बघायचंय त्याने त्या फेरीत उभं राहावं.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे ना, तिच्यातून खाली उतरणारा रस्ता सरळ फेरीच्या धक्क्यावर येतो. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय इथेच पाय ठेवायचा आणि कमानीतून शहरात शिरायचा. नदीच्या बाजूला वर वास्को द गामाचा पुतळा आहे. कमान उभारणारा व्हाइसरॉय त्याचा पणतूच होता. फेरी धक्क्यापासून सुटली की मागे वळून बघा. कमान, सेंट कॅजेटनचा घुमट, माडांच्या शेंड्यांवरून डोकावणारे चर्चांचे माथे. दोन लाख माणसांचं शहर म्हणून ज्याची वर्णनं वाचतो, त्याचं एवढंच उरलंय आणि त्याच्या जागी माड वाढलेत.

फेरी कशी चालते तेही बघण्यासारखं आहे. बोटीचं तळ सपाट, पुढे लोखंडी झडप. सुकतीला प्रवाह समुद्राकडे ओढत असतो, तेव्हा तांडेल सरळ समोरच्या धक्क्याकडे कधीच निघत नाही. आधी नाक वरच्या अंगाला धरतो, बोट तिरकी तिरकी जाते, आपल्याला वाटतं ही भलतीकडेच चालली, आणि प्रवाहच तिला बरोबर धक्क्यासमोर आणून ठेवतो. शेवटच्या चार हातांवर इंजिनाचा सूर उतरतो, झडप सिमेंटच्या उतारावर खर्रकन घासते, आणि ती टेकायच्या आधीच सगळ्या स्कूटर चालू झालेल्या असतात. भरतीला हेच सगळं उलट्या बाजूने. लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघतेय, अजून बघत राहते.

आणि किल्लेभटक्यादादा, दिवाडीचं मराठी माणसाशी नातं लढाईपेक्षा जुनं आहे. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचं आमच्या बेटावरचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, मग देव खाडीपलीकडे नार्वेला गेला. ते नार्वेचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलं, दारावर शिलालेख आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेला वेगळी फेरी जाते. म्हणजे एका फेरीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. देव ज्या वाटेने गेला तीच वाट. माझ्या सासूबाई अजून महाशिवरात्रीला तशाच जातात.

एक विनंतीही आहे. बोंदेराच्या, म्हणजे आमच्या झेंड्यांच्या उत्सवाच्या दिवशी, ऑगस्टात, आमच्या अरुंद रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. ते बघायला या, जरूर या, पण गाडी जुन्या गोव्यातच ठेवून पायी फेरीत चढा. त्या दिवशी आजारी माणसाला बेटाबाहेर काढणं किती कठीण होतं ते आम्हीच जाणतो.

रायबंदरकर

वहिनी, हे तुमच्याकडूनच यायला हवं होतं. जुन्या गोव्यापर्यंत पणजीहून बसने जायचं असेल तर रायबंदरचा रस्ता धरा, हमरस्ता नको. पाटोपासून रायबंदरपर्यंतचा तो सरळसोट रस्ता म्हणजे कोंद द लिन्यारेस या व्हाइसरॉयने 1630 च्या दशकात बांधलेला पूल आहे, सुमारे तीन किलोमीटरचा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. चारशे वर्षांनीही त्यावरून बस जाते.

पाखरू_म्हापसा

रायबंदरहून चोडणच्या फेरीबद्दल कुणीच बोललं नाही. पलीकडे उतरलं की धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. तिथे पहाटे आणि ओहोटीलाच जा. पाणी उतरलं की चिखलावर निवट्या मासे परांवर रांगत असतात, एक नांगी भलीमोठी असलेले लाल खेकडे ती हलवत असतात, आणि खंड्या फांदीवरून सगळ्यांवर लक्ष ठेवून. भरतीला गेलात तर नुसतं पाणी आणि पानं दिसतील. त्या मार्गावर 2025 पासून मोठ्या रो-रो बोटीही आल्या आहेत, वेळ वाचतो.

कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, त्या बघायलाही बोटी निघतात. हीच खाडी मांडवी आणि झुवारीला जोडते. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर समुद्र फुटायला लागला की खनिजाचे बार्ज याच वाटेने मुरगावला जायचे.

अनघा_फोंडा

खूप माहिती मिळाली, देव बरें करूं सगळ्यांना. मुलांना डॉल्फिन दाखवायचेत, ते या बोटींतून दिसतात का?

वेरेंकर_विनायक

संध्याकाळच्या बोटीतून दिसलेच तर नशीब. डॉल्फिनसाठी नेरूलच्या कोको किनाऱ्यावरून किंवा सिकेरीहून लहान बोटी निघतात, मुखाबाहेर आग्वादच्या अंगाने जातात. सकाळी लवकर जा, दुपारनंतर वारा सुटतो आणि लहान बोट हेलकावते. पावसाळ्यात या बंद असतात.

बोट ठरवताना एक गोष्ट आधी बोलून घ्या. मागच्या वर्षी भाच्यांना घेऊन गेलो, तर एका डॉल्फिनमागे चार-पाच बोटी इंजिन पूर्ण वेगात टाकून धावत होत्या, आमचीही त्यात. ती मादी होती, बरोबर पिल्लू. भाची रडायला लागली. तेव्हापासून मी चढायच्या आधीच सांगतो: इंजिन बंद करून थांबणार असाल तर येतो, दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देतो. अशा अटीवर तयार होणारे बोटवाले आहेत, आणि गंमत म्हणजे इंजिन बंद केलं की कधी कधी डॉल्फिन स्वतःहून जवळ येतात.

सांतिनेजचा_मुलगा

ही अट मी आजपासून सगळ्या पाहुण्यांना सांगणार. रायबंदरकर, एक विचारतो. मधोमध नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजांमुळे पणजीचा काठ झाकला जातो असं नाही वाटत? आमच्या आजोबांच्या काळातले नदीचे फोटो बघितले की जीव तुटतो.

रायबंदरकर

वाटतं, आणि फार वाटतं. रात्री तर त्यांच्या दिव्यांपुढे जुनं सचिवालय दिसतच नाही. नदी सगळ्यांची आहे आणि तिचा सर्वांत सुंदर भाग नांगर टाकून अडवला आहे, हे माझं स्पष्ट मत. त्यासाठीच मी सूर्य मावळायच्या आधीची फेरी सुचवतो, दिवे लागायच्या आत काठ बघून होतो.

अनघा_फोंडा

मग असं ठरवते: पहिल्या दिवशी सूर्यास्ताआधीची बोट, सासूबाई खाली खिडकीशी. दुसऱ्या दिवशी सकाळी जुने गोवे, फेरीने दिवाडी आणि पुढे नार्वे. दिवाडीच्या ताई, नार्वेच्या फेरीला गाडी चढते ना? आणि देऊळ दुपारी बंद असतं का?

दिवाडीची_सून

गाडी चढते. ही फेरी लहान आहे आणि मधल्या वेळात अंतराने सुटते, तेव्हा परतीची वेळ उतरतानाच तांडेलाला विचारून ठेवा. देवळात सकाळीच पोचा, दुपारची चौकशी करत बसू नका. सासूबाईंना फेरीत गाडीतच बसवू नका हं, खाली उतरवा आणि कठड्याशी उभं करा, मी आमच्या सासूबाईंना तसंच करते. पेयदादच्या टेकडीवर चर्चपाशी गाडी पाच मिनिटं थांबवा, तिथून दोन्ही काठ दिसतात. आणि वाटेत भूक लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घर रस्त्यावरच आहे.